पाव इंच

मी एक जुनी मोजपट्टी आहे आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, म्हणजे पुढे मला दोष देताना तुम्हाला संकोच वाटायला नको. शिंप्याच्या दुकानात मला टेप म्हणतात. लांबी साठ इंच, रंग एकेकाळी पिवळा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. आता एकच टोपी उरली आहे. दुसरी कुठे गळून पडली ते मलाही ठाऊक नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. घट्ट विणलेल्या कापडी फितीवर रंगाचा थर चढला आणि एका यंत्राखालून जाताना माझ्या अंगावर आकडे उमटले. तिथला तपासनीस दर शंभर पट्ट्यांतली एक उचलून लोखंडी पट्टीशी ताडून बघायचा. आमच्या शंभरांत त्यानं नेमकी मला उचललं. "पक्की आहे," तो म्हणाला आणि मला डब्यात टाकलं. तेव्हा मला वाटलं, खरेपणा एकदा अंगावर छापला की जन्मभर टिकतो. लहान वयात असंच वाटतं.

मला विकत घेतलं ते ताईनं. ती आणि मास्तर, नवराबायको मिळून शिवणाचं दुकान चालवायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. मास्तर कापड कापायचे आणि शिवायचे, ताई मापं घ्यायची आणि काजं-बटणं करायची. सगळी गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणते. सकाळी दुकान उघडलं की ती मला गळ्यात टाकायची आणि रात्री दिवा मालवताना काढायची. मधला सगळा वेळ माझी जागा तिच्या गळ्यात. मास्तर चिडवायचे, "बाकीच्या बायका दागिना मागतात. हिला ही फीत पुरते. मी सुटलो."

दुकानाच्या कोपऱ्यात पडदा होता. त्याच्या आड ताई बायकांची मापं घ्यायची आणि मोठ्यानं सांगायची. बाहेर मास्तर पेन्सिल घेऊन वहीत उतरवायचे. "छाती चौतीस! कंबर तीस! बाही साडेबावीस!" आवाज असा खणखणीत की रस्त्यापलीकडचा घड्याळवाला एकदा येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या गिऱ्हाइकांची मापं मला तोंडपाठ झालीत हो."

तो हसत गेला, पण ताईला ते लागलं. अंगानं भरलेल्या बायका पडद्याआड आधीच अंग चोरून उभ्या राहायच्या, आणि त्यांचा आकडा गावभर व्हावा हे तिला बरं वाटेना. मग तिनं एक युक्ती काढली. अशा बाईची कंबर चाळीस भरली तर ती बाहेर सांगायची, "छत्तीस, बरं का!" आणि मास्तर निमूटपणे वहीत चाळीस लिहायचे. 'बरं का' आलं की चार वाढवायचे, हा दोघांतला करार. छत्तीस ऐकून गिऱ्हाईक खूश, कपडा अंगात बसला म्हणून दुप्पट खूश. मी मात्र पडद्याआड मनातल्या मनात चाळीस म्हणायचे. मला माझ्या खरेपणाची घमेंड होती ना!

वर्षं गेली. मी हजारो दंडांभोवती, मनगटांभोवती, गळ्यांभोवती फिरले. घामानं भिजले, वाळले, ओढली गेले. मास्तर म्हणायचे, "अगं, नवी घे एक. कापडी टेप ताणते." त्यांनी स्वतःसाठी नवी टेप आणली तेव्हा तिच्यासाठीही एक आणली. ताईनं ती खणात ठेवून दिली. "मला हिचीच सवय आहे," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला, मित्रांनो, की काय सांगू. तो आनंद आठवला की आज मला लाज वाटते.

तुम्ही ओळखलंच असेल. मी ताणले होते. सगळी नाही. जिथं रोज ओढ बसते ते पहिले पंधरा-वीस इंच थोडेथोडे लांब झाले होते. एका वर्षी दोन-चार गिऱ्हाइकं बाह्या घट्ट होतात म्हणून कपडे परत घेऊन आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "लोक खाऊन सुटलेत." ताई हसली. मीही त्या सुटलेल्यांतच जमा.

त्याच सुमारास एक दिवस ताई म्हणाली, "अहो, ह्या ड्रेसचा गळा मला आवळतोय."

आता, तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्ही कदाचित गळ्याकडे बघितलं असतं. मास्तर शिंपी. तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट ऐकली होती की कपडा आवळतो, आणि तीस वर्षं त्यावर एकच उपाय केला होता. चूक नेहमी कपड्याची असते, माणसाची कधीच नसते, हा त्यांच्या धंद्याचा धर्म. आणि धर्म चांगलाच म्हणायचा. त्यांनी ड्रेस घेतला, गळ्याची शिलाई उसवली, आत राखून ठेवलेलं जादा कापड सोडलं आणि पुन्हा टीप मारली. "माझीच कात्री घाई करते हल्ली," म्हणाले.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच. ह्या वेळी मास्तरांना स्वतःचाच राग आला. "थांब, मापच घेतो," म्हणाले. मी तिच्या गळ्यातच होते. त्यांनी माझी लोंबती टोकं उचलली, मला तिच्या मानेभोवती गुंडाळलं आणि चष्मा वर करून वाचलं.

"तेरा."

वहीत जुनं माप होतं. तेरा.

मित्रांनो, ते सव्वातेरा होतं. मी पाव इंच खोटं बोलले. माझ्या अंगावर तेराचा आकडा होता, पण तो आकडा आपल्या जागेवरून सरकला होता, आणि त्या पाव इंचात तिच्या गळ्यातली गाठ लपली. पाव इंच म्हणजे काय हो? एवढं कापड तर शिंपी केरात टाकतो. पण मास्तरांचं मन तिथंच मिटलं. गळा तोच आहे म्हटल्यावर दोष कापडाचा. त्यांनी तो ड्रेस पुन्हा उसवला. पुढच्या खेपेला सोडायला आत काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळाच खोल कापून दिला आणि ती कड इतकी सुरेख वळवली की गिऱ्हाइकं म्हणाली, "ताई, अस्सा गळा आम्हालाही हवा."

मला ती गाठ लागत होती. रोज मी तिच्यावरच टेकत होते. आधी शर्टाच्या बटणाएवढी, मग कोटाच्या. मला बोलता येत असतं तर मी बोंब मारली असती. ताईचा आवाजही बसायला लागला होता. "कपड्याची धूळ," ती म्हणायची आणि खाकरून पुढचं माप सांगायची.

शेवटी ते दिसलं एका नर्सला. ती गणवेश शिवायला आली होती. माप देऊन झाल्यावर ताईनं तांब्या तोंडाला लावला, आणि नर्स तिच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली.

"ताई, परत एक घोट घ्या बरं."

"का गं? तहान भागली माझी."

"घ्या तर खरं."

ताईनं घोट घेतला. गाठ घोटाबरोबर वर गेली आणि खाली आली. नर्सनं बोटांनी चाचपून पाहिलं. दोन बोटं, एवढंच. मग ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, मशीन बंद करा. आज दवाखान्यात जाऊन या."

घाईत ताई मला गळ्यातून काढायला विसरली. दवाखान्यात डॉक्टरांनीच मला उतरवून मास्तरांच्या हातात दिलं. तेव्हापासून मी मास्तरांच्या खिशात राहिले, आणि पुढचं सगळं मी तिथूनच, टोक बाहेर ठेवून, ऐकलं-पाहिलं.

सोनोग्राफी झाली, सुई घालून पाणी काढलं, आठ दिवस गेले. मग डॉक्टरांनी मास्तरांना आत बोलावलं. थायरॉईडचा कॅन्सर होता. "घाबरू नका, कॅन्सरमध्ये हा त्यातल्या त्यात बरा," ते म्हणाले.

"बरा?" मास्तर म्हणाले. "डॉक्टर, कॅन्सर बरा कसा असेल?"

डॉक्टरांनी पेन उचललं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ चार सेंटिमीटरांची होती आणि मागच्या अंगाला वाढत होती. तिथूनच आवाजाची नस जाते. "जीव आपण वाचवू. आवाजाचं गळा उघडल्यावर कळेल. किती दिवस झाले हे जाणवायला लागून? गळ्याशी कपडा घट्ट होणं, असं काही?"

मास्तरांचा हात खिशात माझ्यावर होता. तो आवळला. "वर्ष झालं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. तेव्हा आला असता तर, असं काही ते बोलले नाहीत. भला माणूस.

बाहेर ताई बाकावर बसली होती. मास्तर शेजारी बसले आणि चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "काही नाही गं. छोटीशी गाठ आहे. दोन सेंटिमीटर, बरं का."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं का म्हणालात," ती म्हणाली. "खरं माप सांगा."

मास्तरांनी खरं माप सांगितलं. त्या बाकावर दोघं रडली, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ताई हिरव्या गाऊनमध्ये खाटेवर बसली होती. पाठीवरच्या बंदांची वेडीवाकडी शिवण बघून मास्तर पुटपुटले, "कोणी शिवलंय हे?" ताई हसली. मग मास्तर खाली मान घालून म्हणाले, "अगं, काहीतरी बोल ना."

"काय बोलू?"

"काहीही. मोठ्यानं बोल."

ते का म्हणतात ते तिला कळलं. तिनं त्यांच्या खिशातून मला काढलं, त्यांना उभं केलं आणि माझा वेढा त्यांच्या छातीला घातला. बसलेल्या घशातून जितका निघेल तितका आवाज काढून तिनं सांगितलं, "छाती अडतीस! दोन इंच उतरलात. जेवत नाही तुम्ही." वॉर्डातल्या चार खाटा वळून बघायला लागल्या. मास्तर मान हलवत राहिले. त्यांच्याजवळ लिहायला वही नव्हती.

तिचा तो आवाज मी शेवटचा ऐकला.

पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, आजूबाजूच्या गाठीही निघाल्या, सगळं स्वच्छ झालं. पण नस गाठीच्या आत गुरफटली होती. ती वाचवायची तर कॅन्सर मागे ठेवावा लागला असता. "नस कापावी लागली," ते म्हणाले. "व्यायामानं थोडा फरक पडेल. पहिल्यासारखा आवाज येणार नाही."

ताई शुद्धीवर आली तेव्हा तिच्या तोंडून नुसती हवा आली. हवेत शब्द होते, पण कान ओठांशी नेल्याशिवाय ते कळत नव्हते. पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या, कॅल्शियम कमी झालं होतं म्हणून. सुईत दोरा ओवायचा तर बोटं थरथरायची. गळ्यावर आडवा टाका होता, आणि त्यावर कसलाही स्पर्श तिला सहन होईना. मास्तरांनी एकदा सवयीनं मला तिच्या गळ्यात घालायला हात पुढे केला, तर ती मागे सरकली. मला खुंटीवर टांगलं गेलं. तीस वर्षांच्या नोकरीतली माझी जागा गेली, आणि ते योग्यच झालं.

मग उरलंसुरलं मारायला आयोडीनचं औषध देण्याची वेळ आली. ते घेतलं की काही दिवस माणसाच्या अंगातून किरणं निघतात, म्हणून ताईला दवाखान्यात तीन दिवस एकटीला ठेवलं. घरी पाठवताना सांगितलं, अजून दहा दिवस दोन मीटर अंतर ठेवा. ताट वेगळं, चादर वेगळी, जवळ बसायचं नाही, हात लावायचा नाही.

मास्तर काटेकोर माणूस. दोन मीटर म्हणजे दोन मीटर. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, ताईच्या खाटेपासून जमिनीवर अंथरलं, साठ इंच झाले तिथं खूण केली, मला उचलून पुढचे एकोणीस मोजले आणि कापड आखायच्या खडूनं रेघ ओढली. रेघेच्या ह्या बाजूला स्वतःची खुर्ची ठेवली. मग आपल्या सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा मोजलं, ह्या वेळी स्वतःच्या नव्या टेपनं. रेघ जुळली नाही.

पुन्हा मोजलं. जुळली नाही.

मग त्यांनी आम्हा दोघींना जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलं, टोकाला टोक लावून. गुडघ्यावर बसून ते बोट पुढे पुढे नेत गेले. पाच, आठ, दहा. तेरावर आले आणि बोट थांबलं. माझा तेरा तिच्या सव्वातेराशी होता.

मी कधी माणसाला असं बसलेलं पाहिलं नाही, मित्रांनो. हातातून कात्री पडावी तसे त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले. खाटेवरून ताई बघत होती. तिनं हातानंच विचारलं, काय झालं?

रेघेच्या अलीकडून मास्तरांनी सगळं सांगितलं. ते मापाचं, त्या तेराचं. मला हातात धरून उंच करून दाखवलं. "सव्वातेरा होतं गं. वर्षापूर्वी सव्वातेरा होतं. तेव्हाच कळलं असतं. ही टेप ताणली होती. मी ताडून बघितली नाही. तीस वर्षं शिंपी आहे मी आणि मी ताडून बघितली नाही."

ताई काहीतरी बोलली.

मास्तरांना ऐकू आलं नाही. मलाही नाही. मी त्यांच्या मुठीत होते आणि तिची हवा दोन मीटर ओलांडत नव्हती.

"काय?" मास्तर म्हणाले.

ती पुन्हा बोलली. गळ्याच्या शिरा ताणल्या, टाका लाल झाला. काही पोचलं नाही. मास्तर रेघेवर वाकले, कान पुढे केला. ती घाईघाईनं हात हलवून त्यांना मागे लोटायला लागली. किरणं तिच्या अंगात होती, आणि त्यांनी जवळ यावं हे तिला नको होतं. शेवटी तिनं मान हलवली, राहू दे, आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाकीचे सगळे दिवस मास्तर त्या खुर्चीवर बसून राहिले. दुकान बंद. त्यांनी वही आणि पेन्सिल रेघेवरून तिच्याकडे सरकवली, पण तिनं ती हातात घेतली नाही. ती काय म्हणाली असेल ह्याचा विचार करत हा माणूस जेवण ताटात तसंच ठेवून उठायचा. शिवी दिली असेल का? माफ केलं असेल का? मला वाटतं, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं त्यांना, फक्त ऐकू यायला हवं होतं.

दहा दिवस झाले. अकराव्या सकाळी मास्तर उठले, पायानं खडूची रेघ पुसली, खाटेवर तिच्या शेजारी बसले आणि कान तिच्या ओठांशी नेला.

"त्या दिवशी काय म्हणत होतीस?"

ताईनं श्वास भरून घेतला. आता मी उशाशीच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"मी म्हणत होते," ती म्हणाली, "टेप कशाला घेतलीत? मी बायको होते तुमची. हात लावून बघायचं होतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी हात उचलला, पण तो तिच्या गळ्याशी जाऊन थबकला, दुखेल म्हणून. मग ताईनंच तो धरला आणि टाक्यावर ठेवला. दुखलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही.

ह्याला आता दोन वर्षं झाली. तपासण्या चांगल्या येतात. डॉक्टर खूश आहेत, आणि खूश असायला कारणही आहे, कारण ताई आहे. दुकान उघडतं. पडद्याआड ती नव्या टेपनं माप घेते आणि चिठ्ठीवर लिहून बाहेर देते. मास्तर ती वहीत उतरवतात. घड्याळवाला आता चेष्टा करत नाही, नुसता हात करून जातो. मला मशीनच्या खणात, सुट्या बटणांत ठेवलं आहे. मला टाकून का दिलं नाही, हे मास्तरांनाच विचारायला हवं. मी माझ्यासाठी काही मागत नाही.

पण तुम्हाला मात्र मागते. मित्रांनो, टेप जुनी झाली की बदला, तिचं वाईट वाटून घेऊ नका. आणि तुमच्या घरातलं कोणी म्हणालं की गळा आवळतोय, दम लागतोय, चप्पल घट्ट होतेय, तर आधी कपडा उसवायला बसू नका. उठा, जवळ जा, हात लावून बघा. काही नसेल तर हसाल दोघं. आकड्यांवर जाऊ नका. आम्ही आकडेवाले कधी सरकतो, ते आम्हालाही कळत नाही.

रोज सकाळी ताई उपाशीपोटी तिची गोळी घेते. ती जन्मभर घ्यायची आहे. पाण्याचा घोट खाली उतरला की मास्तर तिच्या गळ्याला हात लावतात. आता तिथं सापडण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ते रोज लावतात.